कळसापासून खाली: वेरूळ, आजी आणि एलियन

कानात इअरफोन नसताना बसमध्ये, लोकलमध्ये वाचणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय. फक्त "म्हणजे" आणि "अॅक्च्युली" थोडे कमी केलेत.

आजचा विषय एका रीलमुळे सुचला. तुम्हीही पाहिली असेल. ड्रोनने घेतलेलं वेरूळचं कैलास मंदिर, मागे ढॅण ढॅण संगीत, आणि एक भारदस्त आवाज विचारतो: चार लाख टन दगड, अठरा वर्षं, हातात फक्त छिन्नी-हातोडा, हे माणसाला शक्य आहे का? मग आकाशातून निळा किरण. खाली कमेंटमध्ये अर्धी जनता "हर हर महादेव" आणि उरलेली अर्धी "एलियन".

हसू नका. बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला असताना याच गोष्टीचा लांबलचक व्हिडिओ मी स्वतः आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता. वर लिहिलंही होतं, "सायन्सकडे याचं उत्तर नाही." मी इंजिनिअर होणार होतो, त्यामुळे सायन्सच्या वतीने बोलायचा मला अधिकार होता असं मला वाटायचं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे वेरूळला गेलो. आधी घृष्णेश्वराचं दर्शन, मग लेणी, हा आमच्याकडचा ठरलेला क्रम. आजी सोबत होती. १६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, अंगणातल्या हत्तीपाशी ती दम खायला बसली आणि मला म्हणाली, "राणीनं उपास धरला होता म्हणे. कळस दिसल्याबिगर जेवायची नाही. मग करणाऱ्यानं कळसच आधी केला."

मी म्हटलं, "आजी, कळस आधी कसा करतील? पाया नको का?"

ती म्हणाली, "वरून खाली आले ना."

मी हसलो. आणि खरं सांगतो, मला ती "अडाणी" वाटली. खिशातल्या फोनमध्ये एलियनचा व्हिडिओ असलेला मी, आणि मला ती अडाणी वाटली.

आता आजीची गोष्ट नीट सांगतो, कारण ती फक्त आजीची नाही. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात ती येते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी कैलासाबद्दल लिहिताना तिच्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. गोष्ट अशी: राजा आजारी पडतो. राणी माणिकावती घृष्णेश्वराला नवस बोलते, राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर डोळ्यांनी बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. राणीचा उपास सुरू. आता पंचाईत अशी की कारागीर म्हणतात, शिखर दिसायला महिनोन्महिने लागतील, आधी जोतं, मग भिंती, मग शिखर. राणी तोपर्यंत जगणार कशी? मग पैठणहून कोकस नावाचा कारागीर बोलावतात. तो म्हणतो, आठवड्यात शिखर दाखवतो. आणि तो डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू करतो. शिखर आधी कोरतो. राणी शिखर बघते आणि जेवते.

बघा, आठवड्यात शिखर हे काही खरं नाही. कैलास राष्ट्रकूटांच्या काळातला आहे आणि त्याचं श्रेय पहिल्या कृष्णराजाला दिलं जातं, साधारण इ. स. ७५६ ते ७७३. इतिहासाला माणिकावती नावाची राणी सापडत नाही. पण कामाचा क्रम? तो शंभर टक्के बरोबर आहे. कैलास बांधलेलं नाही, डोंगरातून कोरून मोकळं केलेलं आहे. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर मारले, मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा ठेवला, आणि त्या ठोकळ्याला वरून आकार देत देत खाली आले. मागच्या बाजूचा कडा साधारण ३० मीटर उंच आहे. म्हणजे आठ-नऊ मजली इमारत. वरून खाली येण्याचा फायदा असा की परांची बांधावी लागत नाही. ज्या दगडावर उभे आहात तोच तुमची परांची, आणि काम होईल तसे तुम्ही त्याच्यासकट खाली येता.

म्हणजे मी ज्याला अडाणीपणा समजलो, ती कामाची पद्धत होती, उपासाच्या गोष्टीत बांधून ठेवलेली. पाठ्यपुस्तकात ती एका वाक्यात येते आणि परीक्षेनंतर उडून जाते. आजीच्या डोक्यात ती का राहिली? कारण आजी स्वतः सोमवार, संकष्टी, एकादशी सगळं धरायची. कळस दिसेपर्यंत जेवायचं नाही म्हणजे पोटात काय होतं हे तिला माहीत होतं.

आणि कोकस हे नावही अगदी हवेतलं नाही. मध्य भारतातल्या मध्ययुगीन शिलालेखांमध्ये काही शिल्पी स्वतःला कोकसाच्या वंशातले म्हणवतात. यावरून कैलास कोकसानेच केला असं सिद्ध होत नाही, तेवढी उडी मी मारणार नाही. पण कारागिरांच्या जगात हे नाव मोठं होतं, एवढं नक्की. गोष्ट सांगणाऱ्याने राजाचं नाव धूसर ठेवलं आणि कारागिराचं नाव, गाव जपून ठेवलं. पैठणचा कोकस. हे मला फार आवडतं.

आता त्या रीलच्या गणिताकडे येऊ. ते माझं क्षेत्र आहे.

चार लाख टन हा आकडाच फुगवलेला वाटतो. पुस्तकांमध्ये दीड-दोन लाख टनांचे अंदाज जास्त दिसतात. पण चला, रीलचाच आकडा घेऊ. चार लाख टन भागिले अठरा वर्षं, भागिले ३६५ दिवस. रोजचे साधारण ६१ टन. दिवसाचे बारा तास काम धरलं तर तासाला ५ टन. इथे रील थांबते आणि डोळे मोठे करते: तासाला पाच टन!

पण भागाकार पुढे चालू ठेवा ना. एका वेळी अडीचशे माणसं कामावर धरा. एका सम्राटाच्या कामावर अडीचशे माणसं म्हणजे काहीच नाही. पाच टन भागिले अडीचशे: माणशी तासाला २० किलो. बसाल्ट जड दगड आहे, त्यामुळे २० किलो म्हणजे जेमतेम सात लिटर जागा. अर्धी बादलीसुद्धा नाही. एका माणसाने तासाभरात अर्ध्या बादलीपेक्षा कमी दगड काढायचा. सोपं आहे असं मी म्हणत नाही. उन्हात तासभर करून बघा. पण यात यान कुठे लागतं?

शिवाय ती अठरा वर्षं कुठून आली? कृष्णराजाच्या कारकिर्दीची वर्षं मोजली, बस्स. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. हर्मन गोट्झ यांनी काम अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्याने झालं असं मांडलं, तर ढवळीकरांच्या मते मुख्य भाग कृष्णराजाच्याच काळात उरकला होता. दोघांपैकी कोणाचंही घ्या, माणसंच लागतात.

मला राग यायला लागला तो मात्र गणितामुळे नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या काही मित्रांबरोबर मी एका शाळेत गेलो होतो, मुलांना जुन्या वास्तूंबद्दल स्लाइड दाखवायला. शनिवारचा उपक्रम असतो ना तसा. मी कैलासाचा फोटो लावला आणि विचारलं, "हे कसं केलं असेल?" आठवी-नववीची मुलं. चार-पाच हात वर. "सर, एलियन." "सर, भगवान शंकरांनी स्वतः." एक जण "लेझर" म्हणाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हात वर न करता बोलला, "वरूनच फोडत आले असतील. खाणीत पण वरूनच फोडतात." मी विचारलं, तुला कसं माहीत? तर त्याचे वडील दगडाच्या खाणीवर कामाला. सुट्टीत तो डबा घेऊन जातो.

बाकीची मुलं हसली. खाण म्हटल्यावर हसली.

आता विचार करा. पूर्ण वर्गात बरोबर उत्तर एकट्याला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत होतं कारण त्याच्या घरात दगड फोडतात. छिन्नी कुठे लावली की दगड कसा सुटतो हे त्याच्या बापाला हाताने कळतं. कैलासाच्या कड्यावर छिन्नीच्या खुणा आजही दिसतात, ओळीने, तिरप्या. त्या खुणा वाचू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत. आणि आपण त्यांच्या मुलांना सांगतोय की हे काम तुमच्यासारख्यांचं असूच शकत नाही, हे वरून कोणीतरी येऊन करून गेलं.

त्या दिवसापासून मी कुठल्याही वास्तूची दंतकथा ऐकली की एकच गोष्ट बघतो: या गोष्टीत माणूस आहे का? चमत्कार असू दे, नवस असू दे, सात दिवसांत होऊ दे. पण हाताने काम करणारा कोणी आहे का?

आता तुम्ही म्हणाल, हा दंतकथांचा वकील झाला. तर नाही. नाशिकला जाऊ या. नाशिककरांना पांडवलेणी सांगायला नको, मुंबईकडे जाताना हायवेवरूनच डोंगर दिसतो. पांडवांनी वनवासात, एका रात्रीत कोरली, ही गोष्ट नाशिकमध्ये लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली. ही चोवीस लेणी, मुख्यतः बौद्ध, सुरुवात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, तिथल्या लेखांमध्ये ते 'तिरण्हु' असं येतं. आणि तिथल्या भिंती अक्षरशः बोलतात. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिने लेणं दान दिलं आणि मुलाचा पराक्रम कोरून ठेवला. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेण्यात यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने दान दिल्याची नोंद आहे. आणि माझा सगळ्यात आवडता लेख आठव्या लेण्यातला: मुगुदास नावाच्या एका कोळ्याचं, त्याच्या परिवारासह, दान. गोदावरीकाठचा मासे धरणारा माणूस. दोन हजार वर्षांपूर्वी त्याने पै पै जोडून दान दिलं आणि नाव कोरून घेतलं.

आणि आपण म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत.

ही दंतकथा मुगुदासाला पुसून टाकते. राणीला, जावयाला, ग्रीकाला, कोळ्याला, भिक्खूंना, सगळ्यांना एका फटक्यात. म्हणून आज तिथले बौद्ध बांधव "त्रिरश्मी बुद्ध लेणी म्हणा" असं सांगतात तेव्हा ते नावाचा हट्ट धरून बसलेत असं समजू नका. त्यांच्या बाजूने भिंतीवर पुरावा आहे. माझा एक मित्र म्हणतो, "अरे, पांडवांच्या गोष्टीमुळे तरी लोकांनी लेणी जपली." थोडं खरं आहे त्याचं. ज्या जागेला गोष्ट असते तिथे लोकांचा पाय पडत राहतो. पण जपणूक झाली म्हणून मालकी बदलत नाही.

एका रात्रीतले पांडव आणि निळा किरणवाले एलियन, मला हे दोघं सख्खे चुलतभाऊ वाटतात. दोघांचंही म्हणणं एकच: माणसाचं हे काम नाही. कोकस मात्र म्हणतो: माणसाचं काम आहे, आणि ते असं करायचं असतं.

परत वेरूळला येतो, कारण तिथे अजून एक गंमत आहे. लेण्यांची लोकांनी ठेवलेली नावं. अजिंठा बाहेरच्या जगाच्या नजरेआड गेलं होतं, १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ते दिसलं, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. वेरूळ तसं कधी हरवलंच नाही. येण्याजाण्याच्या वाटेवरचं गाव, ज्योतिर्लिंग शेजारी. चक्रधरस्वामींचा तिथला मुक्काम लीळाचरित्रात येतो. शेकडो वर्षं माणसं येत राहिली, त्यामुळे नावंही त्यांनीच ठेवली.

१० नंबरचं लेणं घ्या. बौद्ध चैत्यगृह आहे, आत स्तूप आणि त्याला लागून बुद्धमूर्ती. लोक त्याला म्हणतात 'सुतार का झोपडा'. का? आत जाऊन मान वर करा. दगडाचं छत आहे, पण त्यात लाकडी वाशांसारख्या बारीक फासळ्या कोरल्यात. सुताराच्या नजरेला ते लगेच कळलं. सुतार मंडळी तिथे विश्वकर्मा म्हणून पूजा करायला येत, म्हणून दुसरं नाव 'विश्वकर्मा'. मूर्ती बुद्धाचीच आहे, ते ओळखण्यात ते चुकले. पण दगडात लाकडाची नक्कल केलीय हे ओळखण्यात चुकले नाहीत. लाकडी बांधकामाची रूपं दगडात उतरली हे कलेचे इतिहासकार आज आपल्याला समजावून सांगतात. ते निरीक्षण त्या नावात आधीच आहे.

मग ११ नंबरचं, 'दो ताल'. दोन मजली. प्रत्यक्षात आहे तीन मजली! खालचा मजला मातीत गाडला गेला होता, तो १८७६ मध्ये मोकळा केला. नाव तेच राहिलं. म्हणजे ते नाव खोटं नाही, तो जुना स्क्रीनशॉट आहे.

आणि कैलासाला लोक 'रंगमहाल' म्हणायचे. काळ्या दगडाला रंगमहाल? पण कैलासावर एके काळी पांढरा गिलावा होता, त्यावर रंगकाम होतं. मंडपाच्या छताला आणि काही कोपऱ्यांत त्याचे तुकडे अजून दिसतात. हिमालयातला बर्फाचा कैलास दाखवायचा तर तो काळा कसा ठेवतील? आज आपल्या डोक्यातलं चित्र काळं आहे, नाव मात्र रंग लक्षात ठेवून आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही नावं म्हणजे लॉग आहेत. लॉगमध्ये कचरा असतो, चुकीच्या ओळी असतात, पण काही बिघडलं की आम्ही आधी लॉगच उघडतो. कोणी म्हणत नाही की चार ओळी चुकल्या म्हणून फाइलच डिलीट करा. आणि कोणी असंही म्हणत नाही की लॉगमध्ये आहे म्हणजे ते ब्रह्मवाक्य.

एक शेवटचा तपशील. बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा, इ. स. ८१२-१३ चा. कृष्णराजानंतर जेमतेम चाळीस वर्षं. रा. गो. भांडारकरांनी त्यातलं एलापूरचं देऊळ म्हणजे आपलं वेरूळचं कैलास हे दाखवून दिलं. त्यात काय म्हटलंय? विमानातून जाणारे देव हे देऊळ बघून थक्क होतात, त्यांना वाटतं हे कोणी केलेलं नसणार, स्वयंभू असणार. झालं, तुमचा आकाशातला पाहुणा इथेही आहे! पण लक्ष द्या, तो बघायला आलाय, बांधायला नाही. आणि त्याच ताम्रपटात पुढे येतं की ज्याने हे केलं तो शिल्पी स्वतःच चकित झाला, आपल्या हातून हे झालं कसं, पुन्हा आपल्याला जमणार नाही, असं त्याला वाटलं.

मी कोड लिहितो. रात्री दोनला एखादी गोष्ट चालते आणि स्वतःलाच कळत नाही की हे आपण लिहिलं. त्यामुळे बाराशे वर्षांपूर्वीचा तो माणूस मला शेजारच्या डेस्कवरचा वाटतो. त्याचं नाव ताम्रपटात नाही. राजांची सगळी वंशावळ आहे, त्याचं नाव नाही. ते नाव, खरं किंवा खोटं, द्यायला पुढे गोष्ट सांगणारे यावे लागले.

जाणार असाल तर मंगळवारी जाऊ नका, वेरूळ बंद असतं. आणि पोचल्यावर लगेच दारातून आत शिरू नका. बाजूने डोंगरावर जाणारी वाट आहे, आधी वर चढा. कठड्याच्या फार जवळ जाऊ नका, सेल्फीसाठी तर नाहीच. वरून खाली बघा. मंडपाच्या छतावर कमळ आणि त्याभोवती चार सिंह दिसतील, शिखर जवळजवळ तुमच्या समोर असेल. काम जिथून सुरू झालं तिथे तुम्ही उभे असाल. मग खाली उतरा.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या गावाजवळच्या लेण्याची, वीरगळाची, गढीची, पडक्या देवळाची जी गोष्ट घरात सांगतात, ती व्हॉइस नोट करून पाठवा. सुधारून नको, त्यांच्याच शब्दांत. कोणी सांगितली आणि त्यांनी ती कुठे ऐकली तेवढं विचारा. एलियनची आली तरी चालेल, फक्त पहिल्यांदा कुठल्या व्हिडिओत पाहिली ते लिहा.

आणि हे या आठवड्यातच करा. माझी आजी गेल्याला आता तीन वर्षं झाली. माणिकावतीची गोष्ट ती नक्की कशी सांगायची, राणीचं नाव घ्यायची की नुसतं "राणी" म्हणायची, कोकस म्हणायची की "करणारा", हे मी आठवून आठवून तुम्हाला सांगतोय. "करणारा" म्हणायची असं वाटतं. फोन खिशात होता त्या दिवशी, रेकॉर्डिंगचं बटण एका अंगठ्यावर होतं.

भेटू पुढच्या रविवारी. तुमच्या नोट्समधल्या काही ऐकवीन तेव्हा.